मुरलीशेठ आणि फिरती काच

दोन हजार बावीसची दिवाळी. मुरलीशेठ तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते आणि त्यांनी एक काच विकत घ्यायची ठरवली. खिडकीची नव्हे, चष्म्याचीही नव्हे. कॅमेऱ्याच्या तोंडाला लावायची, बांगडीएवढी, गोल फिरणारी. पोलरायझर म्हणतात तिला. हा शब्द माझ्या जिभेवर बसायला संक्रांत उजाडली, आणि काच त्यांच्या मनात बसायला आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या दोघांत चपळ कोण, ते वाचणाऱ्याने ठरवावं.

मी चौथी पास. पाचवीत जाऊन बसलो होतो, पण पाचवीला मी काही आवडलो नाही. मग जन्मभर टेम्पो चालवला. निफाडची द्राक्षं वाशीला नेली, रिकामा टेम्पो परत आणला, आणि मधल्या वेळात जगाबद्दलची माझी मतं पक्की करून घेतली. ती अजून बदललेली नाहीत. बदलून दाखवील असं कुणी समोर आलंच नाही. आज लिहायला बसलोय ते मुरलीशेठसाठी. ते आता नाहीत. असते तर हा कागद आधी उन्हात धरून, एक डोळा मिटून, चारी बाजूंनी निरखला असता, आणि वाचायचं तेवढं राहून गेलं असतं.

नाशिकच्या सिडकोत आमची घरं भिंतीला भिंत लावून. पेपर एक, घरं दोन. सकाळी पेपर त्यांच्याकडे पडायचा आणि मी तो आणायला जायचो. त्यांचे मोठे मथळे वाचून झाले की तो माझा. त्यामुळे रोज सकाळी त्यांच्या दारात उभं राहायचा मला हक्क होता, आणि त्यांच्या घरात काय चाललंय त्यावर बोलायचाही. हा दुसरा हक्क मी स्वतःच घेतला होता.

भद्रकालीत त्यांचा फोटो स्टुडिओ होता. लोकांच्या खिशाखिशात कॅमेरे आले तसं दुकानाला कुलूप लागलं. पण फोटोग्राफरपणा काही कुलपात गेला नाही. बाजारात वांगी घ्यायला गेले तरी एक वांगं उचलायचे, उजेडाकडे धरायचे, हळूहळू फिरवायचे. वांगेवाली म्हणायची, "बाबा, भाजी करायचीये का तिचं लग्न जमवायचंय?" छत्री घ्यायला निघाले की पावसाळा संपायचा. एकदा चपला घ्यायला गेले आणि इतक्या दुकानांतून चालले, की घातलेल्या होत्या त्या तिथंच तुटल्या. मग काय, अनवाणी माणसाला निवड करता येत नाही म्हणून समोर होत्या त्या घेतल्या, आणि त्या मेल्या जन्मभर टिकल्या. यावरून काही शिकतील तर ते मुरलीशेठ कसले.

माझी त्यांची ओळख लायसनच्या फोटोवरून झाली. टेम्पो खाली रस्त्यात उभा, आत द्राक्षं, मी स्टुलावर. म्हटलं, "लवकर उरका शेठ, माल सडून राहिला."

ते म्हणाले, "उजेड कुठं पळून चाललाय?"

त्या खोलीला खिडकी नव्हती. उजेड होता तो त्यांच्याच दिव्यांचा. तो पळून जाणार तरी कुठं? पण हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. लग्नात, बारशात, बँकेच्या रांगेत, कुठंही कुणी घाई केली की हेच.

"हनुवटी खाली. अजून. एवढी नाही, आप्पा, रडायला नाही आलात तुम्ही. हां. आता सरळ माझ्याकडे. मान वळवू नका. समोरून दिसतो तो माणूस. बाजूने दिसतं ते नुसतं नाक."

हा त्यांचा दुसरा नियम. आयुष्यात त्यांनी कुणाचा तिरका फोटो काढला नाही. एखादा हौशी नवरदेव बाजूला बघून स्टाईल मारायला लागला, की ते कॅमेऱ्यावरचं कापड खाली टाकून चहाला जायचे. तो सरळ बसेपर्यंत यायचे नाहीत. माझा फोटो मात्र झकास निघाला. इतका, की कसाऱ्याच्या खाली एका हवालदाराने लायसन बघितलं, मला बघितलं आणि विचारलं, "हे साहेब कोण? तुझं लायसन दाखव."

एका लग्नात तर कहरच. ऊन मधेच ढगाआड गेलं, तर यांनी नवरानवरीला मांडवाच्या दाराशी उभं करून ठेवलं. ढग जाईना. गुरुजी अक्षता घेऊन बाहेर आले. "अहो, मुहूर्त टळतोय!"

"मुहूर्त फोटोत दिसत नाही, गुरुजी. सावली दिसते."

आता सांगा, अशा माणसाशी कुणी संसार करावा? पण शालनवहिनींनी केला. हसतमुखाने केला. त्यांची एकच मागणी होती, ती मी माझ्या कानांनी कितीदा ऐकलीय. "अहो, नाशकातल्या अर्ध्या मुली तुमच्या कॅमेऱ्यासमोर बसून सासरी गेल्या. माझा एक काढा की."

"काढू की. उजेड कुठं पळून चाललाय?"

उजेड कुठं पळाला नाही. वहिनी गेल्या.

त्यांच्यामागे घरभर शोधलं, तर घरात वहिनींचा एक धड फोटो निघेना. वहिनी नेहमी फोटोच्या बाहेर, आल्याच तर कडेला. कुणाला तरी कुंकू लावताना, ताट आणताना, पाठमोऱ्या. शेवटी वहिनींच्या भावाने इगतपुरीचं जुनं घर पाडायला काढलं तेव्हा माळ्यावरून एक तसबीर खाली आली. लग्नाआधीची. स्थळांना दाखवायला काढलेला फोटो, काळा-पांढरा, कुणा शेजारणीची मोत्यांची माळ गळ्यात घालून. इगतपुरीच्याच कुणा फोटोग्राफरने काढलेला. मुरलीशेठनी तसबीर हातात घेतली, डोळे पुसले, आणि पहिलं वाक्य काय बोलले असतील?

"कान जळालाय बघा उजेडाने. दिवा केवढ्या जवळ ठेवलाय गाढवाने."

मग ती तसबीर भिंतीवर आली. रोज सकाळी आंघोळ झाली, की मुरलीशेठ स्वच्छ फडकं नळाखाली धरायचे, अर्धवट पिळायचे, आणि काच वरून खाली पुसायचे. पाणी ओघळायचं, काच लखलखायची. मग सहाणेवर उगाळलेलं गंध, मग एक फूल. मी पेपरसाठी दारात उभा. एकदा म्हटलं, "शेठ, किती पाणी!" तर म्हणाले, "आई सांगायची, गेलेल्या माणसाला कोरडं फडकं लावायचं नाही. ती धूळ झटकणं झाली. ते फर्निचरला." आता आईचा शब्द आला म्हटल्यावर मी काय बोलणार? माझ्याही आईचे शब्द मी असेच वापरतो.

त्या फोटोला खालच्या कडेने पांढुरका डाग लागलेला होता. बुरशी म्हणा, काय म्हणा. दिवाळीच्या साफसफाईत मुरलीशेठना दिसलं, की डाग वर सरकलाय. आधी साडीच्या काठाशी होता, आता पदरावर चढलाय.

"इगतपुरीची ओल आहे ही," ते म्हणाले. "तिकडचा पाऊस तुम्हाला माहितीय. भिंती पाणी पितात. पोटात घेऊन आली तसबीर ती ओल. मेहुण्याने इतकी वर्षं माळ्यावर टाकून ठेवली होती ना. आता वर येतेय."

मेहुण्याला नावं ठेवण्यात त्यांचा पुढचा आठवडा चांगला गेला.

फोटो काचेपासून सुटा करावा म्हटलं, तर तो काचेला चिकटलेला. जुन्या तसबिरीत मधे पुठ्ठ्याची पट्टी न घालता फोटो तसाच काचेला टेकवून बसवायचे. ओल लागली की दोन्ही एक. "ओढायला गेलो तर चेहरा काचेबरोबर येईल, आप्पा." तेव्हा एकच उपाय राहिला. काचेसकट फोटोचा फोटो काढायचा, डाग चेहऱ्यावर चढायच्या आत.

त्यांची मुलगी नंदा नाशिकरोडला राहते. ती आली, म्हणाली, "त्यात काय बाबा, मोबाईलवर काढते ना." काढला. वहिनींच्या कपाळावर ट्यूबलाइट, गालावर नंदाचा मोबाईल, आणि गळ्याच्या जागी नंदा. मुरलीशेठनी ते बघितलं आणि म्हणाले, "छान. तीन पिढ्यांपैकी दोन आल्या. तुझी मुलगी पण उभी कर, म्हणजे सगळं कुटुंब आईच्या तोंडावर."

खिडक्या लावून बघितल्या. काळी चादर बांधून बघितली. तिचं एक टोक धरून मी असा उभा होतो, जसा मांडवात अंतरपाट धरतात. काच जुनी, लाटालाटांची. कुठून ना कुठून उजेड पकडायचीच. तेव्हा नंदा म्हणाली, "बाबा, तो एक फिल्टर मिळतो, काचेवरची चमक घालवणारा." मुरलीशेठचं आयुष्य माणसांचे चेहरे काढण्यात गेलेलं, त्यांना कधी तो लागला नव्हता. पण आता लागणार होता, आणि तो विकत घ्यायचा होता. विकत घ्यायचा म्हटल्यावर मी कपाळाला हात लावला.

महात्मा गांधी रोडला इरफानभाईंचं कॅमेऱ्याचं दुकान. माणूस गोड. वय पन्नाशीचं, पण मुरलीशेठना पहिल्यापासून चाचा म्हणायचा. त्याने पहिल्याच दिवशी एक फिल्टर काढून हातात दिला. "हा घ्या चाचा. दोन काचा आहेत. मागची लेन्सला बसते, पुढची फिरते. फिरवा, चमक गायब."

मुरलीशेठनी आजूबाजूला बघितलं. गल्ल्याच्या मागे भिंतीवर मक्केची तसबीर होती, काच लावलेली, आणि तिच्यात दुकानाची ट्यूबलाइट पडलेली. "ही बघितली तर चालेल?"

"बघा ना चाचा. बघायला काय, दुवाच लागेल."

मुरलीशेठ तसबिरीच्या बरोब्बर समोर उभे राहिले. डोळ्याला काच लावली. फिरवली. पुन्हा फिरवली. ट्यूबलाइट जागची हलेना.

"बिनकामाची आहे ही."

"चाचा, सीधे खड़े रहोगे तो कुछ नहीं होगा. थोडं बाजूला या. और थोड़ा. हां, आता फिरवा."

मी पण डोकावलो. खरं सांगतो, ट्यूबलाइट पुसल्यासारखी गेली. काच आहे की नाही तेही कळेना. मी म्हटलं, "झालं की शेठ! बांधून द्या हो ही."

मुरलीशेठ म्हणाले, "तिरकी दिसतेय."

"तिरछी दिसते, पण दिसते ना?"

"मी माणसाचा फोटो तिरका काढत नाही. समोरून चालणारी दाखवा."

इरफानभाईने माझ्याकडे बघितलं. मी रस्त्याकडे बघितलं. "चाचा," तो हळूच म्हणाला, "समोरून चालणारी कोणी बनवतच नाही. कंपनीची गलती नाय, उजेडच तसा हाय."

"दुसरी कंपनी असेल," मुरलीशेठ म्हणाले, आणि आम्ही परत आलो.

तिथून पुढे आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. मी का जायचो? एक तर त्या रस्त्याला मिसळ चांगली मिळते. आणि दुसरं, एकट्याला सोडलं असतं तर ते तिथंच राहायला गेले असते. दर वेळी नवी काच, दर वेळी नवी खोट. एकीची रिंग ढिली. एकीची इतकी घट्ट की फिरवताना कॅमेरा हलेल. एक जाड. एक पातळ, इतकी की तिला धरायचं कुठं. एक त्यांनी उन्हात नेली आणि म्हणाले, "हिला जांभळी झाक आहे."

"अहो, फोटो काळा-पांढरा हाय," मी म्हटलं. "झाक कुणाला लावता?"

"तत्त्व म्हणून काही असतं की नाही?"

तत्त्व! माणूस तत्त्वाला घेऊन बसला की समजावं, त्याला दुसरंच काहीतरी नको आहे. मला दिसत होतं. काच कुठलीही आली तरी मुरलीशेठ आधी मक्केच्या समोर जाऊन उभे राहायचे, ट्यूबलाइट जात नाही बघायचे, आणि मग तिच्यात झाक शोधायचे. त्यांना काच नको नव्हती. त्यांना बाजूला सरकायचं नव्हतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा घोडा, पाऊलभर बाजूला व्हायला तयार नाही. मी स्वतः हट्टी आहे म्हणून मला असली माणसं लगेच ओळखू येतात. फरक एवढाच, की माझा हट्ट बरोबर असतो.

एके दिवशी इरफानभाई म्हणाला, "चाचा, आमच्या घरात कोणाला मक्का एवढी पाठ नसेल जेवढी तुम्हाला झाली."

आणि इकडे घरात डाग चढत होता. संक्रांतीला तो पदर ओलांडून मोत्यांच्या माळेला लागला. मला वाटलं, थंडीत ओल कुठली, आता थांबेल. थांबला नाही. शिमग्याला माळ गेली. उन्हाळा लागला, सिडकोत धुळीचे लोट उठायला लागले, मुरलीशेठ काच सकाळ-संध्याकाळ दोनदा पुसायला लागले, ओघळ पडायचे, गंध लागायचं. डाग गळ्याला आला. मुरलीशेठ इगतपुरीला शिव्या द्यायचे, आणि मी पेपर घेऊन निघून यायचो.

गुढीपाडव्यानंतर एकदा मी त्यांच्या घरी गेलो तर टेबलावर कागदाचा चिटोरा, त्यावर इरफानभाईकडे मागवायच्या आणखी एका काचेचं नाव. माझं डोकं फिरलं.

"शेठ, वहिनी बुडून राहिल्यात, अन् तुम्ही काठावर बसून काच निवडता?"

"आप्पा, तोंड सांभाळा."

"काय चूक बोललो? गळ्यापर्यंत पाणी आलंय त्यांच्या. एवढं सरळ उभं राहून तुम्हाला काय कुणी बक्षीस देणार हाय?"

"तुम्हाला फोटोतलं काय कळतं?"

"काय नाय कळत. पण मला बाईचं तोंड कळतं. ते दिसलं पाहिजे, एवढंच."

"उजेड कुठं..." ते बोलायला लागले, आणि तिथंच थांबले. वाक्य त्यांच्याच्याने पुरं झालं नाही. मग उठले आणि दार लावून घेतलं. माझ्या तोंडावर. त्यानंतर बरेच दिवस पेपर माझ्या दाराखालून सरकून यायचा, मथळे न वाचलेला. मी पण गेलो नाही. का जाऊ? बरोबर मी होतो.

आखाजीच्या सकाळी माझं दार वाजलं. आखाजीला आमच्याकडे पितरांची घागर भरतात आणि लेकी माहेरी येतात. नंदा आलेली होती, त्यांच्या स्वयंपाकघरातून आमरसाचा वास येत होता. मुरलीशेठ दारात उभे. सदऱ्याची गुंडी वरची खाली लागलेली.

"आप्पा, चला."

"कुठं?"

"हनुवटीला लागलाय."

मी चपला घातल्या. ज्या माणसाने सगळ्या नाशकाला हनुवटी खाली घ्यायला लावली, त्याच्या तोंडून तो शब्द असा आला की माझ्याजवळ तयार असलेली सगळी वाक्यं तशीच राहिली. रिक्षाने थेट इरफानभाईंचं दुकान गाठलं.

दुकानात मुरलीशेठ तसबिरीसमोर गेलेच नाहीत. गल्ल्याशी उभे राहिले. "तिरका तर तिरका. द्या."

"कौनसा, चाचा?"

"पहिल्या दिवशीचा."

इरफानभाईने खणातून काढून समोर ठेवला. लगेच. शोधावाही लागला नाही. "तुमच्यासाठी बाजूलाच ठेवला होता. तसंही याच्यावर तुमच्या बोटांचे एवढे ठसे आहेत, दुसरा घेईल कोण?"

घरी येऊन नंदाने तसबीर भिंतीवरून उतरवली आणि खिडकीजवळ खुर्चीवर टेकवली. मुरलीशेठनी कॅमेरा स्टँडवर चढवला, काच बसवली. आधी समोर उभे राहिले. सवय. मग एक पाऊल डावीकडे. मग आणखी एक. असा चेहरा करून, जसा कुणाच्या घरात न विचारता शिरतायत. डोळा लावला आणि रिंग हळूहळू फिरवायला लागले.

हात थांबला.

नंदा म्हणाली, "दिसतेय का बाबा?"

"दिसतेय."

पण फोटो काढेनात. तसेच वाकलेले. मी म्हटलं, झालं, आता यात पण काहीतरी झाक निघाली. तेवढ्यात म्हणाले, "आप्पा, इकडे या. डोळा लावा."

मी लावला. खिडकी गेलेली, चमक गेलेली, काचच गेलेली. वहिनी होत्या. विशीतल्या, कान जळालेल्या, ओठ घट्ट मिटलेले, डोळ्यांत हसू दाबलेलं. मी त्यांना त्या वयात कधी बघितलं नव्हतं. म्हटलं, "शेठ, काय दिसतात हो वहिनी."

"खाली बघा."

खाली डाग होता. इतके दिवस चकाकीखाली तो एक पांढरा ढग दिसायचा. आता दिसलं, तो ढग नव्हताच. रेघा होत्या. खालच्या चौकटीपासून निघालेल्या, वाळलेल्या पाण्याच्या रेघा. पूर ओसरल्यावर भिंतीवर राहतात तशा, एकीवर एक, एकीवर एक. खाली पुसट, वर ताज्या. आणि सगळ्यात जास्त कुठं, तर बरोब्बर मधे, जिथं रोज ते ओलं फडकं येऊन थांबायचं आणि पाणी चौकटीच्या खोबणीत उतरायचं.

मी डोळा काढला. मुरलीशेठ खुर्चीकडे बघत होते.

"इगतपुरीची ओल नाही ही, आप्पा."

"मग?"

"आपल्या नळाची."

नंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला कळलं. जन्मभर फोटोचे कागद धुतले त्या माणसाने, फोटोला पाणी काय करतं हे त्याला मी सांगायला नको होतं. आणि तोच माणूस रोज सकाळी आंघोळ करून, भक्तिभावाने, स्वतःच्या हाताने बायको बुडवत होता. यावर बोलायला माझ्याकडे पुष्कळ होतं. मी नंदाला म्हटलं, "चहा टाक गं."

मग त्यांनी फोटो काढले. घाई केली नाही, पण उशीरही लावला नाही. मी पहिल्यांदाच त्यांना असं काम करताना बघितलं, एकही वाक्य न बोलता.

नंदाने ते मोबाईलवर घेतले. चेहरा स्वच्छ आला होता. हनुवटीचं टोक पांढऱ्यात गेलेलं, बाकी सगळी बाई शाबूत. फक्त तसबीर तिरकी. एक बाजू मोठी, एक लहान. दार अर्धवट उघडल्यावर दिसतं तशी.

"बाबा, हे सरळ करता येतं. एका मिनिटाचं काम आहे. बोटाने ओढलं की समोरून काढल्यासारखा होईल."

मी म्हटलं, सुटले! माणसाचं तत्त्व पण राहिलं, फोटो पण आला. पण मुरलीशेठ म्हणाले, "नको."

"अहो, जन्मभर तेच तर..."

"नको म्हटलं ना." त्यांनी मोबाईल हातात घेतला आणि लांब धरला. उन्हाकडे नाही, नुसताच लांब. "बघायला गेलो होतो ना इगतपुरीला, तेव्हा मधे मामा बसले, काका बसले. मला जागा मिळाली दाराजवळ, कोपऱ्यात. ही पोहे घेऊन आली, तिकडे तोंड करून बसली. मान वर करून समोरून बघायची माझी छाती झाली नाही. कोपऱ्यातून जेवढी दिसली तेवढी बघितली आणि घरी येऊन हो म्हणालो." मोबाईल जरा जवळ घेतला. "अशीच दिसत होती. अस्संच."

मी म्हटलं, "म्हणजे नुसतं नाक बघून लग्न केलंत तुम्ही."

नंदा फस्सकन हसली. मुरलीशेठ पण हसले, आणि हसता हसता चष्मा काढून सदऱ्याला पुसायला लागले. चष्मा कोरडाच होता.

संध्याकाळी त्यांनी तसबीर वहिनींच्या एका जुन्या सुती साडीत गुंडाळली आणि कपाटात वरच्या खणात ठेवली, पाण्यापासून लांब. भिंतीवर खिळा राहिला, आणि तसबिरीएवढा एक उजळ चौकोन, आजूबाजूच्या भिंतीपेक्षा गोरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेपरसाठी गेलो. मुरलीशेठची आंघोळ झालेली होती. नळाखाली फडकं धरलं, अर्धवट पिळलं, आणि रोजच्यासारखे भिंतीशी गेले. हात वर केला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. मग तो रिकामा चौकोनच त्यांनी पुसला, वरून खाली, पाणी ओघळेपर्यंत. खिळ्याखाली गंधाचं बोट टेकवलं. खिळ्याला फूल अडकवलं. वळले तर मी दारात.

"काय बघता? भिंतीला पाणी चालतं."

त्यांनी पेपर माझ्या हातात दिला, मोरीत गेले, आणि ते फडकं पिळलं. शेवटचा थेंब निघेपर्यंत.